पाच मुलींचे घर

श्रोतेहो, इतिहासावर बोलायचे म्हटले की लढाईने किंवा तहाने सुरुवात करावी, असा आपल्याकडे एक प्रघात आहे. मी आज सुरुवात करणार आहे ती वर्गातल्या एका प्रश्नाने.

आमचे कॉलेज तालुक्याच्या गावी आहे. निम्म्याहून अधिक मुले-मुली आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येतात. बी.ए.च्या वर्गाला मी जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेची एक कादंबरी शिकवीत होतो. कादंबरीचे नाव ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘अभिमान आणि पूर्वग्रह’. कथेतल्या घरात पाच मुली आहेत, मुलगा नाही. आणि बापाने डोळे मिटले की राहते घर व जमीन दूरच्या एका नातेवाइकाकडे जाणार आहे, एवढे सांगून मी पुढे निघालो होतो. इतक्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती तोंड उघडत नाही. म्हणाली, “सर, घरात पाच-पाच पोरी असताना ते घर परक्याला कशापायी जातं?” तिच्या शेजारची दुसरी मुलगी खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलली, “आपल्याकडं तरी काय निराळं होतंय?”

वर्ग हसला. मला काही हसू आले नाही. तेवढ्यात घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. ते आज आपल्या सर्वांच्या साक्षीने देतो.

पहिल्याने या पुस्तकाचा काळ ध्यानात घेऊ. जेन ऑस्टिनने त्याचा पहिला खर्डा लिहायला घेतला ऑक्टोबर १७९६ मध्ये. त्याच वर्षीच्या डिसेंबरात इकडे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. पुस्तक छापून बाहेर पडले २८ जानेवारी १८१३ रोजी. लेखिका वारली १८ जुलै १८१७ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. आणि त्यानंतर चार महिन्यांच्या आत, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. म्हणजे या बाईंचे लिहिण्याचे आयुष्य आणि शेवटच्या पेशव्याची कारकीर्द ही जवळजवळ एकाच मापाची. ज्या इंग्रजांनी आपले राज्य घेतले, त्यांच्या फौजा आणि त्यांचे तह आपण शाळेत पाठ केले. पण त्या लोकांच्या घरात काय चालत होते, तिथे लेकीबाळींची स्थिती कशी होती, हे आपल्याला फारसे कुणी सांगितले नाही. ते सांगायला ही कादंबरी बसली आहे.

आता त्या पाच मुलींच्या घराकडे वळू. हर्टफर्डशायर परगण्यात लाँगबोर्न नावाचे खेडे. तिथले बेनेट हे गृहस्थ बेताचे जमीनदार. जमिनीचे उत्पन्न वर्षाला २,००० पौंड. त्या काळच्या मानाने चांगले खाऊनपिऊन सुखी म्हणावे असे. परंतु ही जमीन त्यांच्या मालकीची असून नसल्यासारखी होती. इंग्लंडातल्या जमीनदारांनी पिढ्यान् पिढ्या एक व्यवस्था लावून ठेवली होती. मालकाने हयातीत उत्पन्न खावे; पण जमीन विकू नये, तिचे तुकडे करू नयेत, मुलींच्या नावे करू नये. ती पुढच्या पुरुष वारसाकडे सबंध जावी. हेतू असा की इस्टेट फुटू नये आणि घराण्याचा मान राहावा. ज्याच्याकडे जमीन त्याच्याकडे मत, आणि ज्याच्याकडे मत त्याच्याकडे सत्ता, असा तो काळ. तेव्हा घराणे टिकावे म्हणून घरातल्या मुलींनी बाहेर व्हावे, अशी ही योजना होती.

या गाठीतून सुटण्याची एक वाट होती. मुलगा झाला आणि तो वयात आला, तर बाप आणि मुलगा मिळून ही व्यवस्था मोडू शकत. बेनेट नवराबायको त्याच भरवशावर राहिली. मुलगा होणारच, मग शिल्लक कशाला टाकायची? पहिली मुलगी झाली, दुसरी झाली, तिसरी, चौथी, पाचवी झाली. मुलाची वाट पाहण्यात वर्षे निघून गेली आणि गाठीला काही राहिले नाही. श्रोतेहो, ही गोष्ट कुठल्या मुलखातली आहे हे मी आधी सांगितले नसते, तर आपण ती आपल्याच गल्लीतली समजला असता.

मुलींच्या वाट्याला उरले काय? आईच्या लग्नात ठरवून दिलेले ५,००० पौंड, आणि तेही आईच्या माघारी पाच जणींत वाटायचे. दरडोई एक हजार. चार टक्के व्याजाने वर्षाला चाळीस पौंड. शिकलेल्या घरंदाज बाईला करता येईल असे काम म्हटले तर दुसऱ्याच्या घरी राहून त्याची मुले शिकवायची, एवढेच. लग्न केले तरी बायकोचा पैसा कायद्याने नवऱ्याचा. वेगळा दस्त करून ठेवला नसेल तर त्यावर तिचा हक्क नाही. हा कायदा इंग्लंडात बदलू लागला १८७० मध्ये, आणि पुरता बदलला १८८२ मध्ये. तेव्हा या मुलींच्या आईला उठता-बसता स्थळांचे वेड लागलेले दिसते, त्यात हसण्यासारखे पुष्कळ असले तरी ती बाई अगदीच मूर्ख आहे असे समजू नका. तिला भीती वाटते, आणि ती भीती खरी आहे.

ज्याच्याकडे हे घर जाणार, ते कॉलिन्स नावाचे पाद्री एक दिवस पाहुणे म्हणून येतात. माणूस खुशामत्या, शब्दबंबाळ आणि स्वतःवर खूश. ‘मी घर घेणार, तर निदान यांतली एक मुलगी तरी करतो,’ असा त्यांचा उपकाराचा भाव. थोरल्या जेनच्या लग्नाचे दुसरीकडे जुळत आहे असे कळताच स्वारी दुसऱ्या मुलीकडे, म्हणजे एलिझाबेथकडे वळते. एलिझाबेथ वीस वर्षांची. हुशार, बोलकी आणि थोडी फटकळ. ती नाही म्हणते. आता बघा, तिने होकार दिला असता तर आईच्या डोक्यावरचे छप्पर वाचले असते, धाकट्या बहिणींना आसरा राहिला असता. घरावर जीव असलेल्या मुलीने काय करावे? आई म्हणते, हो म्हण, नाहीतर माझे तोंड पाहू नकोस. बाप म्हणतो, हो म्हणालीस तर मी तुझे तोंड पाहणार नाही. मुलगी नकारावर ठाम राहते. तिचे म्हणणे एवढेच की, ज्या माणसाबद्दल मनात आदर नाही त्याच्याशी संसार मांडून कुणाचेच भले होत नाही.

पण लेखिका इथे थांबत नाही. एलिझाबेथची जिवलग मैत्रीण शार्लट, वय सत्तावीस, रूप बेताचे, पैसा नाही. कॉलिन्स तिच्याकडे जातात आणि ती होकार देते. का? तर तिला स्वतःचे घर हवे आहे, भावांवर ओझे होऊन राहायचे नाही. एलिझाबेथला धक्का बसतो. लेखिका मात्र शार्लटला दोषी ठरवून मोकळी होत नाही. पुढे ती तिचा संसार आपल्याला दाखवते. नवऱ्याने दिवसाचा बराच वेळ बागेत काम करावे असे शार्लट त्याला उत्तेजन देते, आणि स्वतः बसायला घराच्या मागल्या अंगाची खोली निवडते! हसू येते, आणि हसता हसता वाईटही वाटते.

आता कथेचा नायक. डार्सी हे मोठे जमीनदार. उत्पन्न वर्षाला १०,००० पौंड. माणूस सचोटीचा, पण ताठ. पहिल्याच मेळाव्यात, एलिझाबेथला ऐकू जाईल असे तो तिच्याविषयी तुच्छतेने बोलतो. तिच्या मनात अढी बसते ती बसतेच. त्याच सुमारास विकम नावाचा एक देखणा, गोडबोल्या लष्करी अधिकारी तिला भेटतो आणि डार्सीने आपला हक्क कसा बुडवला याची एक कहाणी सांगतो. ती कहाणी तिला पटते. कारण ती तिला पटवून घ्यायची असते. पुस्तकाच्या नावातला गर्व आणि पूर्वग्रह तो हा. पण गर्व एकाचा आणि पूर्वग्रह दुसरीचा, अशी वाटणी करू नका. दोघांपाशी दोन्ही आहेत.

पुढे डार्सीच तिच्या प्रेमात पडतो आणि तिला मागणी घालतो. मागणी तरी कशी? मला तू आवडतेस, पण तुझे घराणे हलके आहे, तुझ्या माणसांची वागणूक लाजिरवाणी आहे, आणि हे सगळे असूनही मी मन घट्ट करून तुला विचारतो आहे. एलिझाबेथ त्याला फटकारते. आपल्या बहिणीचे जुळत आलेले लग्न यानेच मोडले, हे तिला कळलेले असते. तिच्या संतापात स्वतःच्या अपमानापेक्षा बहिणीचे दुःख मोठे आहे. घरावरची निष्ठा म्हणतात ती ही.

दुसऱ्या दिवशी डार्सी तिला एक लांब पत्र देतो. पत्रात दोन गोष्टी आहेत. एक, विकमचे खरे रूप. डार्सीच्या धाकट्या बहिणीला, ती पंधरा वर्षांची असताना, तिच्या नावावरच्या ३०,००० पौंडांसाठी पळवून नेण्याचा त्याने घाट घातला होता. दुसरी, एलिझाबेथच्या माणसांबद्दलचे डार्सीचे मत. ती पत्र वाचते, रागाने बाजूला ठेवते, पुन्हा उघडते, पुन्हा वाचते. आणि हळूहळू तिच्या ध्यानात येते की कटू असले तरी हे खरे आहे. आई चारचौघांत वाटेल ते बोलते. धाकट्या बहिणी लष्करी अधिकाऱ्यांच्या मागे धावतात. आणि ज्या बापाची ती सर्वांत लाडकी, तो बाप पुस्तकात डोके घालून या सगळ्याची गंमत पाहत बसतो, आवरत नाही. ज्या डोळ्यांचा तिला अभिमान होता त्यांनी आजवर काहीच नीट पाहिले नव्हते, हे तिला उमगते. माझ्या मते सगळ्या पुस्तकाचे मर्म या जागी आहे. घरच्या माणसांवर जीव आहे, म्हणून त्यांचे दोष दिसू नयेत असे नाही. आणि दोष दिसले, म्हणून ती माणसे आपली राहिली नाहीत असेही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच मनात सांभाळायच्या असतात. फार अवघड काम आहे ते.

त्यानंतर जे घडते ते मी वर्गात नेहमी सावकाश शिकवतो. धाकटी लिडिया, अवघी सोळा वर्षांची, ब्रायटनच्या समुद्रकाठी विकमबरोबर पळून जाते. तिला तिकडे पाठवू नका, असे एलिझाबेथने बापाला निक्षून सांगितले होते. घरात शांतता राहावी म्हणून बापाने ऐकले नाही. त्या वेळच्या इंग्लंडात १७५३ चा विवाहाचा कायदा चालू होता. एकवीस वर्षांखालच्या मुलीला पालकांच्या संमतीशिवाय परवान्याने लग्न करता येत नसे. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून पळालेली जोडपी सरहद्दीपलीकडच्या ग्रेटना ग्रीन गावी जाऊन लग्न लावीत. विकम तिकडेही गेला नाही. लिडियाला घेऊन तो लंडनमध्ये लपून राहिला. लग्न न करता. एका मुलीचे नाव गेले म्हणजे उरलेल्या चौघींची स्थळे गेली, हे तिकडेही ठरलेलेच होते.

आता इथे जरा थांबा आणि विचार करा. हे होऊ कसे शकले? विकम कसा माणूस आहे हे डार्सीला ठाऊक होते. पण आपल्या बहिणीचे नाव बाहेर फुटू नये म्हणून त्याने ते कुणाला सांगितले नव्हते. पत्र वाचल्यावर एलिझाबेथलाही ठाऊक झाले. तिने ते थोरल्या बहिणीला सांगितले आणि दोघींनी मिळून ठरवले की, कशाला उगाच बोभाटा करायचा? दोन्ही घरांनी आपापल्या परीने अब्रू झाकली, आणि त्या झाकण्याची किंमत एका अजाण मुलीने मोजली. घराण्याच्या निष्ठेच्या नावाखाली धरलेले मौन कुणाच्या तरी लेकीला भोवते. दोनशे वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या पाद्र्याच्या मुलीला हे कळले होते, आणि त्याबद्दल तिला नमस्कार केला पाहिजे.

मग डार्सी काय करतो? तो लंडनला जाऊन त्या दोघांना शोधून काढतो. ज्या माणसाचे तोंड पाहू नये त्याच्याशी बसून बोलणी करतो. त्याचे हजार पौंडांहून अधिक कर्ज फेडतो, लिडियाच्या नावे आणखी हजार पौंड लावतो, त्याला सैन्यात हुद्दा विकत घेऊन देतो आणि लग्न लावून देतो. आणि हे सारे गुप्त ठेवतो. चूक आपल्या मौनाची होती, तेव्हा भरपाईही आपणच केली पाहिजे, असे त्याचे म्हणणे. एलिझाबेथला ही हकीकत कळते ती मामीच्या पत्रातून. हे मामा-मामी व्यापारी. लंडनमध्ये पेढीच्या शेजारी राहणारे. ज्यांच्यामुळे तिचे घराणे हलके ठरत होते तेच हे नातेवाईक. सबंध पुस्तकात त्यांच्याइतकी समंजस आणि खानदानी माणसे दुसरी नाहीत, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

शेवटी डार्सीची मावशी, लेडी कॅथरीन, रथ जोडून लाँगबोर्नला येते आणि एलिझाबेथकडून वचन मागते की माझ्या भाच्याशी लग्न करणार नाहीस. तिच्याही तोंडी घराण्याचीच भाषा आहे. कुळाचा मान, पूर्वजांची वास्तू, वगैरे. एलिझाबेथ वचन देत नाही. डार्सी दुसऱ्यांदा विचारतो तेव्हा मात्र सूर वेगळा असतो. लहानपणी आपल्याला तत्त्वे चांगली शिकवली, पण ती गर्वाने पाळायला मोकळे सोडले, असे तो स्वतःच कबूल करतो. तीही आपल्या चुका कबूल करते. प्रेम जमते ते या कबुलीजबाबावर. दोघेही सद्गुणाचे पुतळे नाहीत, आणि म्हणूनच ती आपल्याला आपली वाटतात.

आता लेखिकेबद्दल चार शब्द. कारण ही कथा तिने हवेतून काढलेली नाही. तिचा जन्म १६ डिसेंबर १७७५ चा, हँपशायर परगण्यातल्या स्टीव्हन्टन गावचा. वडील तिथले पाद्री. उत्पन्नाला हातभार म्हणून घरी विद्यार्थी ठेवून शिकवीत. एकंदर आठ भावंडे. थोरली बहीण कॅसँड्रा; दोघींचे एकमेकींवाचून पान हलत नसे. कॅसँड्राचे लग्न ठरले होते. नवरा मुलगा वेस्ट इंडीज बेटांत तापाने वारला, १७९७ साली. त्याच वर्षी वडिलांनी जेनच्या हस्तलिखिताबद्दल लंडनच्या एका प्रकाशकाला पत्र लिहिले. त्याने न पाहताच नकार कळवला. ते हस्तलिखित या कादंबरीचे पहिले रूप होते असे मानतात. त्यानंतर कितीतरी वर्षे ते तसेच राहिले.

डिसेंबर १८०२ मध्ये एका ओळखीच्या, सधन घरच्या तरुणाने जेनला मागणी घातली. तिने संध्याकाळी होकार दिला. त्या होकारात आईचे, बहिणीचे आणि स्वतःचे म्हातारपण सुखात गेले असते. रात्र गेली, आणि सकाळी उठून तिने तो होकार परत घेतला. त्या रात्री तिच्या मनात काय चालले असेल ते तिने कुठे लिहून ठेवलेले नाही. पण कॉलिन्सला नकार देणारी एलिझाबेथ वाचताना मला ती रात्र आठवते. पुढे १८०५ मध्ये वडील वारले. आई आणि दोन अविवाहित मुली भावांच्या आधारावर आल्या. भावांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्षाला रक्कम ठरवून दिली. एका भावाला, एडवर्डला, दूरच्या एका श्रीमंत नातेवाइकाने दत्तकासारखे घेतले होते. त्याने १८०९ साली चॉटन गावातले एक लहान घर आई-बहिणींना राहायला दिले. त्या घरात बसून जेनने जुना खर्डा पुन्हा हाती घेतला. घरावरची निष्ठा काय असते हे तिने अनुभवले होते, आणि परावलंबन काय असते हेही.

या घराण्याचा आपल्या देशाशीही एक धागा आहे. जेनची आत्या, फिलाडेल्फिया, पोरकी होती. गाठीला हुंडा नाही, तेव्हा तिने १७५२ मध्ये गलबतात पाऊल ठेवले आणि हिंदुस्थान गाठले. का? तर इकडे कंपनीचे नोकर पुष्कळ आणि गोऱ्या मुली थोड्या. पुढच्याच वर्षी मद्रासच्या दक्षिणेला कडलूर येथे एका सर्जनाशी तिचे लग्न झाले. तिच्या मुलीचा धर्मपिता कोण, तर वॉरन हेस्टिंग्ज. ज्याच्या अमदानीत १७८२ चा सालबाईचा तह झाला, तोच हा. आणि १८१३ मध्ये ही कादंबरी वाचून त्याच म्हाताऱ्या हेस्टिंग्जने तिची स्तुती कळवली, तेव्हा जेनला फार आनंद झाला. इतिहासातली माणसे अशी अनपेक्षित दाराने आत येतात.

पुस्तकाचा हक्क तिने प्रकाशकाला ११० पौंडांना विकला. तिची अपेक्षा १५० ची होती. तीन भागांच्या संचाची किंमत १८ शिलिंग. वर नाव नाही. आधीच्या कादंबरीच्या लेखकाची कृती, एवढाच उल्लेख. तिच्या हयातीत तिच्या कोणत्याही कादंबरीवर तिचे नाव छापले गेले नाही. मरणानंतर तिच्या भावाने ते जाहीर केले.

आता माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येतो. घर परक्याला का गेले, याचे उत्तर असे की, घराणे हे माणसांपेक्षा मोठे धरले गेले. इंग्लंडात थोरल्या मुलाला आपोआप मिळणारा वारसा १९२५ च्या कायद्यांनी बंद केला. आपल्याकडे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या वाट्यात हिस्सा दिला. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क मात्र महाराष्ट्राने १९९४ साली, आणि सबंध देशासाठी संसदेने २००५ साली दिला. कायद्याच्या बाबतीत आज आपली मुलगी एलिझाबेथपेक्षा किती तरी पुढे आहे.

पण दुसरी मुलगी जे पुटपुटली, त्याला हे उत्तर पुरत नाही. आपल्या गावोगावी हक्कसोडपत्र म्हणून एक कागद असतो. बाप गेला की तेराव्यानंतर, कधी त्याच्याही आधी, बहिणींना तलाठ्याकडे किंवा तहसिलीत नेतात आणि सही घेतात. बहीण सही करते. भावावर माया असते म्हणून करते, आणि माहेर तुटेल या भीतीनेही करते. यात माया किती आणि भीती किती, हे तिला कुणी विचारत नाही. मी कुणाच्या घरात भांडण लावायला हे सांगत नाही. मनापासून, समजून उमजून बहिणीने हिस्सा सोडला तर तो तिचा मोठेपणा; सगळेच भाऊ लबाड असतात असेही नाही. जेनच्या भावांनी शेवटपर्यंत बहिणींना अंतर दिले नाही. पण निष्ठा एकाच बाजूने मागायची आणि दुसऱ्या बाजूने गृहीत धरायची, याला निष्ठा म्हणत नाहीत. डार्सीने जसा आपला भाग ओळखून उचलला, तसा सही घेण्याआधी भावानेही एकदा विचारावे, की ताई, तुझ्या मनात काय आहे? एवढा प्रश्न विचारायला कायदा लागत नाही.

आणि शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. वर्गातली गप्प बसणारी मुलगी कधी उभी राहून काही विचारेल, तेव्हा घंटेकडे पाहू नका. माझी ती चूक झाली होती. पुढच्या तासाला मी तिचा प्रश्न फळ्यावर लिहिला, आणि सबंध तास त्यावरच गेला.

जाता जाता एक हकीकत सांगतो आणि आपला निरोप घेतो. छापील पुस्तकाचा पहिला संच चॉटनच्या घरी आला त्या संध्याकाळी शेजारची एक गरीब, अविवाहित बाई जेवायला आली होती. मिस बेन तिचे नाव. जेवण झाल्यावर मायलेकींनी तिला पहिल्या भागाचा निम्मा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. मात्र हे कुणी लिहिले ते सांगितले नाही. बाईंना एलिझाबेथ आवडली. लेखिका तिथेच बसली होती, गप्प. पुढच्या वाचनात आई फार भराभर वाचते, पात्रांची बोलणी तिला साधत नाहीत, अशी जेनची बहिणीकडे पत्रातून तक्रारही आहे. म्हणजे श्रोतेहो, या कादंबरीचा पहिला परिचय झाला तो असा कानांनी, दिव्याच्या उजेडात, स्वतःचे घर नसलेल्या एका बाईला. तुमच्या गावातही संध्याकाळी चार बायाबापड्या एकत्र बसत असतील. त्यांना एखादी चांगली गोष्ट वाचून दाखवा. सावकाश वाचा म्हणजे झाले.